प्रतिपक्षाची वाखाणणी

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आमच्या बालाघाटचे नाव देशभरच्या वृत्तपत्रांत झळकले. त्याला कारण धानाचा भाव नव्हता, मलाजखंडचे तांबे नव्हते की गोंदियाकडे जाणारी रेल्वेही नव्हती. बहुजन समाज पक्षाचे उमेदवार श्री. कंकर मुंजारे यांनी मतदानास दोनेक आठवडे उरले असताना राहते घर सोडले आणि ते धरणाजवळच्या एका झोपडीत मुक्कामास गेले. घरात त्यांच्या पत्नी श्रीमती अनुभा मुंजारे होत्या. त्या काँग्रेसच्या आमदार. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत भाजपचे ज्येष्ठ नेते गौरीशंकर बिसेन यांना हरवून निवडून आलेल्या. दोन वेगळ्या विचारांची माणसे एका छपराखाली राहिली तर लोक हा सामना आधीच ठरवलेला आहे असे समजतील, सबब १९ एप्रिलचे मतदान होईपर्यंत आपण घरी येणार नाही, असे मुंजारे यांचे म्हणणे होते.

श्रीमती मुंजारे यांनी दिलेले उत्तर आम्हांस त्या बातमीपेक्षा अधिक मोलाचे वाटते. या वागण्याने आपण दुखावलो आहोत, हे त्यांनी लपविले नाही. आधीच्याच वर्षी आपण बालाघाटातून काँग्रेसतर्फे आणि पती परसवाड्यातून गोंडवाना गणतंत्र पक्षातर्फे उभे होतो, तेव्हा दोघेही याच घरात राहत होतो, याची त्यांनी आठवण दिली. काँग्रेसच्या उमेदवाराला निवडून आणण्यासाठी आपण झटू, पण प्रचारात पतीविषयी वाईट बोलणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. निवडणूक अखेर भाजपच्या भारती पारधी यांनी जिंकली. बातमी जुनी झाली. लोक अजूनही हसत हसत ती सांगतात.

आम्ही मात्र त्या वेळी गावोगावच्या टपऱ्यांवर कोणते शब्द कानी पडले ते टिपून ठेवले. ‘सेटिंग’, ‘मिलीभगत’, ‘नूरा कुस्ती’, ‘फिक्सिंग’ आणि महाराष्ट्राच्या बाजूने आलेला पाहुणा असला तर ‘साटेलोटे’. विरोधकांमधील स्नेह दाखविणाऱ्या शब्दांची इतकी लांब यादी एका दमात देणाऱ्या कोणालाही, या स्नेहासाठी एखादा आदराचा शब्द सांग म्हटले, की त्याची जीभ अडखळते. ‘दिलदार’ म्हणेल, ‘खिलाडू’ म्हणेल, आणि तेही अर्धवट थट्टेने. भाषेच्या अभ्यासकास हे लक्षण दुर्लक्षिण्याजोगे वाटू नये.

‘साटेलोटे’ या शब्दाकडेच पाहा. राजकारणात तो आला घराघरातून. दोन कुटुंबांनी एकमेकांच्या घरी मुली द्यावयाच्या, म्हणजे याची बहीण त्याला आणि त्याची बहीण याला, अशा अदलाबदलीच्या सोयरिकीचे हे नाव. गरिबांघरी हुंड्याचा बोजा टाळण्याचा तो एक मार्ग होता आणि त्यात लपवाछपवी नव्हती. मांडवात सगळ्यांदेखत लग्न लागे. पुढे हा शब्द व्यापारात आणि सत्ताकारणात गेला आणि त्याला काळोखाचा वास चिकटला. आज ‘त्यांचे साटेलोटे आहे’ असे म्हटले की सोयरीक कोणाच्याही मनात येत नाही, गुपचूप झालेला सौदा येतो. ज्या प्रदेशात पती-पत्नी वेगळ्या पक्षांत असणे ही बातमी होते, तिथे सोयरिकीचाच एक शब्द शिवीसारखा वापरला जावा, हा योगायोग गमतीचा आहे खरा.

‘पक्ष’ या शब्दाची कहाणीही अशीच. पक्ष म्हणजे पंख. पक्ष म्हणजे पंधरवडा; शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही एकाच चंद्राचे. आणि शास्त्रचर्चेत पक्ष म्हणजे मांडलेली भूमिका. तिथे रीत अशी की, प्रथम पूर्वपक्ष मांडावयाचा, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, आणि तेही असे की त्याने ऐकून ‘होय, हेच मला म्हणावयाचे होते’ असे म्हणावे. मग उत्तरपक्ष. प्रतिपक्षाचे बळ ज्याला मांडता आले नाही त्याचे खंडन कोणी मोजत नसे. नैयायिकांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले: सत्य शोधावयाचे तो वाद, जिंकावयाचे तो जल्प, आणि स्वतःचे काहीही न मांडता दुसऱ्याचे केवळ खोडून काढावयाचे ती वितंडा. मराठीने यांतला पहिला शब्द भांडणाला देऊन टाकला, दुसरा जवळजवळ विसरला, आणि तिसरा ‘वितंडवाद’ म्हणून जपून ठेवला. दूरचित्रवाणीवरच्या संध्याकाळच्या चर्चा ऐकणाऱ्यांस हे जतन का झाले ते निराळे सांगावयास नको.

आता मुद्द्याचा शब्द. ‘वाखाणणे’. हा ‘व्याख्यान’ या संस्कृत शब्दातून प्राकृतामार्गे आला. हिंदीतील ‘बखान’ हे त्याचेच भावंड. वैनगंगेच्या खोऱ्यात दोन्ही एकाच बाजारात ऐकू येतात. मूळ अर्थ स्तुती नव्हे. मूळ अर्थ उलगडून सांगणे. एखाद्याला वाखाणावयाचे म्हणजे त्याने काय केले, कसे केले आणि ते का चांगले, हे फोड करून सांगावयाचे. आम्हांस वाटते की विरोधकाच्या प्रामाणिक स्तुतीची कसोटी या व्युत्पत्तीतच मिळते. सौद्यातली स्तुती गोल असते: ‘मोठे नेते’, ‘आदरणीय’, ‘मार्गदर्शक’. तिच्यात फोड नसते, कारण फोड केली की मर्यादाही सांगाव्या लागतात. वाखाणणीत तपशील असतो, आणि तपशिलाच्या शेजारी मतभेद सुखाने राहू शकतो.

लोकांचा संशय निराधार आहे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. मुंजारे यांच्या झोपडीला हसणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की मतदारांच्या मनातली ज्या शंकेची त्यांना धास्ती वाटली, ती शंका खरीच अस्तित्वात होती आणि तिला पुढाऱ्यांनीच खतपाणी घातले आहे. शेजारच्या महाराष्ट्रात २०१९ पासून जे घडले, ते पाहणाऱ्या माणसाने एका पक्षाच्या नेत्याने दुसऱ्याची स्तुती केली की ‘हा केव्हा जाणार?’ असे विचारणे स्वाभाविक आहे. जून २०२२ नंतर ‘गद्दार’ हा शब्द तिथे नमस्कारासारखा वापरात आला. नोव्हेंबर २०१६ मध्ये पुण्याच्या वसंतदादा साखर संस्थेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी शरद पवार यांच्याविषयी आदर व्यक्त केला आणि गुजरातेत असताना त्यांनी आपल्याला बोट धरून चालविले असे सांगितले. एप्रिल २०२४ मध्ये त्याच पुण्यातील प्रचारसभेत, नाव न घेता, ‘भटकती आत्मा’ हा शब्दप्रयोग झाला, आणि तो कोणाला उद्देशून आहे याविषयी महाराष्ट्रात कोणालाही शंका राहिली नाही. मधल्या सुमारे साडेसात वर्षांत पवार बदलले काय? बदलली ती गरज. स्तुती आणि निंदा या दोन्ही एकाच खिशातून निघू लागल्या की ऐकणारा दोहोंनाही नाणे समजतो, आणि नाण्याकडे पाहावे तसे उलटून पाहतो.

स्तुतीला शस्त्र करण्याची आणखी एक तऱ्हा आहे. नागपूरचे नितीन गडकरी फेब्रुवारी २०१९ मध्ये लोकसभेत रस्त्यांच्या कामांविषयी उत्तर देत होते, तेव्हा सोनिया गांधी यांनी बाक वाजवून दाद दिली. काम चांगले वाटले म्हणून दाद दिली, एवढे साधे स्पष्टीकरण कोणालाच पुरले नाही. लगेच हिशेब मांडले गेले: हे गडकरींना वर काढणे आहे की मोदींना खाली ओढणे? एकाची स्तुती म्हणजे दुसऱ्याची निंदा, हे गणित आमच्या अंगी इतके मुरले आहे की बाकावरच्या टाळीलाही आम्ही छुपा अर्थ चिकटवतो. महामार्गावरून जाणारा मालमोटारचालक मात्र रस्ता बरा झाला असेल तर बरा झाला असेच म्हणतो.

पूर्वीचा काळ सोन्याचा होता, असे दाखविण्याची आमची इच्छा नाही. टिळक आणि आगरकर, टिळक आणि रानडे, टिळक आणि गोखले यांचे कलह जिव्हारी लागणारे होते. गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजी वारले. सुरतेत १९०७ साली दुभंगलेल्या काँग्रेसचे दोन तट जुळविण्याची बोलणी त्याआधीच्या काही महिन्यांत फिसकटली होती आणि त्यावरून कडवट वादही झडला होता. तरी टिळक सिंहगडावरून खाली आले आणि स्मशानात गोखल्यांविषयी बोलले. त्यांना देशाचे आणि महाराष्ट्राचे रत्न म्हटले, त्यांचे अनुकरण करा म्हणून जमलेल्यांस सांगितले. रानडे गेले तेव्हा १९०१ साली, आगरकर गेले तेव्हा १८९५ साली टिळकांच्या लेखणीने हेच केले होते. आचार्य अत्रे यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात नेहरूंवर काय काय लिहिले ते सर्वांस ठाऊक आहे. त्याच अत्र्यांनी मे १९६४ मध्ये नेहरू गेल्यावर ‘मराठा’तून जी लेखमाला लिहिली ती ‘सूर्यास्त’ या नावाने पुस्तकरूपात आली.

ही उदाहरणे व्यासपीठावर नेहमी दिली जातात. त्यांतली एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. ही सगळी स्तुती मृत्यूनंतरची आहे. रावण पडल्यावर रामाने बिभीषणास वैर मरणापाशी संपते असे सांगितले, ती शिकवण आम्ही इतकी अक्षरशः घेतली की मरणाआधी वैर थोडे सैल करण्यास आम्हांस मुभाच उरली नाही. मृत प्रतिपक्षी पुढची निवडणूक लढवीत नाही. त्याला मोठे म्हटल्याने एकही मत हलत नाही, उलट म्हणणाऱ्याचाच मोठेपणा दिसतो. टिळकांच्या थोरवीत यामुळे उणे येत नाही, पण आजच्या पुढाऱ्याने शोकसभेतली चार वाक्ये दाखवून आपली गुणग्राहकता सिद्ध करू नये. प्रश्न समोरचा जिवंत असताना, उमेदवार असताना काय बोललात, हा आहे.

त्या कसोटीला उतरणारी उदाहरणे कमी आहेत, पण आहेत. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणास आले. संयुक्त महाराष्ट्र समितीने काळ्या निशाणांची निदर्शने केली. निदर्शकांचे नेतृत्व एस. एम. जोशी यांच्यासारख्यांकडे होते, सरकार यशवंतराव चव्हाणांचे होते, आणि इतक्या तापलेल्या वातावरणात तो दिवस शांततेने पार पडला. सरकारने निदर्शने होऊ दिली आणि समितीने ती हाताबाहेर जाऊ दिली नाहीत. समोरचा आपला शब्द पाळील एवढी खात्री दोहोंकडे असल्याखेरीज हे घडत नाही. पुढे चीनच्या आक्रमणानंतर संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेलेले चव्हाण १९६३ साली नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. कालपर्यंत त्यांच्या नावाने शंख करणाऱ्यांनी त्यांच्यासमोर उमेदवार दिला नाही. बिनविरोध निवडणुकीचे आम्ही सरसकट चाहते नाही. मतदाराचा हक्क पुढाऱ्यांच्या सौजन्यावर उधळावयाचा नसतो. पण ते वर्ष निराळे होते आणि ते सौजन्य चव्हाणांच्या हयातीत, भर सत्तेत असताना दाखविले गेले होते. त्याच कसोटीवर, आकाराने लहान असले तरी, श्रीमती मुंजारे यांचे प्रचाराविषयीचे वाक्य बसते. पक्षाचे काम पूर्ण करीन आणि वाईट बोलणार नाही, या दोन गोष्टी त्यांनी एकाच दमात म्हटल्या.

आमच्या भाषेच्या लढ्याशी याचा संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध फार जवळचा आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. सोबत पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली यांनाही. त्या रात्री आणि पुढचे कित्येक दिवस आमच्याकडे अभिनंदनाचे संदेश येत होते. ते संदेश दोन ढिगांत सहज पडत. एका ढिगात पंतप्रधानांचे आभार होते आणि त्यात जणू हा विषय त्याच सकाळी जन्मला होता. दुसऱ्या ढिगात २०१२ साली पृथ्वीराज चव्हाण यांच्या सरकारने नेमलेल्या रंगनाथ पठारे समितीचा उल्लेख होता, हरी नरके यांच्यासारख्या अभ्यासकांनी उपसलेल्या कष्टांचा उल्लेख होता, आणि निर्णय घेणाऱ्या सरकारविषयी विधानसभा निवडणूक तोंडावर होती यापलीकडे एक अक्षर नव्हते. दोन्ही ढीग अर्धे खरे होते. समितीचा अहवाल नसता तर निर्णय कशाच्या आधारे झाला असता? आणि निर्णय झाला नसता तर अहवाल कुठे असता? २०१३ मध्ये अहवाल तयार असूनही आधीच्या केंद्र सरकारने दर्जा दिला नाही, नंतरच्या सरकारने दशकभर वाट पाहावयास लावली, हेही तितकेच खरे. दोघांचे श्रेय आणि दोघांची दिरंगाई अशी चार वाक्ये एका संदेशात लिहिणारा आम्हांस विरळाच आढळला. त्या विरळांपैकी एकाला त्याच्याच गटाने ‘तू नेमका कोणाचा?’ असे विचारले.

सीमाभागात हा प्रश्न अधिक टोचतो. रजेगावपाशी बाघ नदीचा पूल ओलांडला की राज्य बदलते. माहेर गोंदियाचे आणि सासर वारासिवनीचे, अशा घरांत एकाच पंगतीला तीन-तीन पक्ष जेवतात. पोवारी बोलणारा मनुष्य अलीकडे एका पक्षाचा आणि पलीकडे त्याचा मावसभाऊ दुसऱ्या पक्षाचा असतो. भाषेसाठी माणसे जमवावयाची तर ती या सर्व पक्षांतूनच जमतील. मराठीचा असा वेगळा पक्ष बालाघाटात नाही आणि होण्याची चिन्हेही नाहीत. अशा ठिकाणी जो दुसऱ्या पक्षाच्या आमदाराला धन्यवाद देतो त्याला फितूर ठरविणे म्हणजे आपल्याच हाताने माणसे मोजून बाहेर काढणे होय.

आणि एक गोष्ट आमच्या निवेदनाची. राज्यघटनेच्या ३५०-अ या कलमान्वये भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी राज्याने कराव्यात, ही आमची जुनी मागणी. तिच्या पुष्ट्यर्थ मसुद्यात एक वाक्य घालावयाचे होते: १९५६ पूर्वीच्या मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर असताना, १९५० च्या कायद्याने हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा होत्या आणि हे पंडित रविशंकर शुक्ल यांच्या सरकारच्या काळात झाले. बैठकीत गदारोळ उठला. शुक्ल हे हिंदीचे कट्टर पुरस्कर्ते. संविधान सभेतही त्यांनी हिंदीची बाजू लढविली. पुढे नव्या मध्य प्रदेशाचे ते पहिले मुख्यमंत्री झाले आणि त्या राज्यात मराठीचे राजभाषापद उरले नाही. त्यांचे नाव आदराने घेणे म्हणजे आपल्या पराभवावर सही करणे, असा एका ज्येष्ठ सहकाऱ्याचा आक्षेप होता. आक्षेपामागची वेदना आम्हांस समजते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडारा, नागपूर तिकडे गेले आणि पूर्वी त्यांच्यासह नागपूर विभागात असलेला आमचा जिल्हा इकडे राहिला, ते दुःख ज्यांच्या घरात बोलले गेले आहे त्यांना शुक्लांचे नाव गोड कसे वाटावे?

पण वाखाणणीची कसोटी इथेच लावावयाची. शुक्ल मोठे होते, असे गोल वाक्य आम्हांस नको आहे. हिंदीच्या या खंद्या पुरस्कर्त्याच्या राजवटीने मराठीला बरोबरीची राजभाषा मानले, हा नेमका तपशील हवा आहे. हीच गोष्ट मराठीच्या अभिमान्याने सांगितली असती तर भोपाळचा अधिकारी तिला प्रचार म्हणून बाजूस सारू शकला असता. प्रतिपक्षाची साक्ष असल्यानेच तिला वजन आहे. मराठी ही बालाघाटात बाहेरून आणलेली भाषा आहे, असे म्हणणाऱ्यांस याहून समर्पक उत्तर आमच्याजवळ दुसरे नाही. शुक्लांचे श्रेय नाकारावयाचे तर हा पुरावाही गाठोड्यात बांधून ठेवावा लागतो. हा हट्ट आमच्या मुलांना परवडणारा नाही. त्यांच्या शाळेत मराठीचा शिक्षक येतो की नाही, हे अशाच वाक्यांवर ठरते.

उलट दिशेनेही हाच न्याय. १९५६ च्या फाळणीत मराठी मुलखाच्या वतीने बोलणाऱ्या किती पुढाऱ्यांनी बालाघाटच्या मराठी माणसाचा विचार केला, हे विचारण्याचा आमचा हक्क आम्ही सोडलेला नाही. आपल्या बाजूच्या माणसाला दोष देण्याची मुभा ज्या बैठकीत नाही, तिथे दुसऱ्याला श्रेय देण्याची मुभाही फार दिवस टिकत नाही, असा आमचा अनुभव आहे. ज्येष्ठ सहकाऱ्यांचा आक्षेप इतिवृत्तात शब्दशः नोंदविला आहे आणि त्यांनी निवेदनावर सहीही केली आहे, मात्र त्या वाक्याखाली ‘असहमत’ असे लिहून. ती सही तशीच भोपाळला जाईल.

येत्या पंचायत आणि विधानसभा निवडणुकांत बालाघाट, लांजी, कटंगी, वारासिवनी, परसवाडा आणि बैहर येथील जो कोणी उमेदवार मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणाची मागणी स्वतःच्या सहीने लिहून देईल, त्याचे पत्र आम्ही या पानावर छापू. त्याचा पक्ष लिहू, त्याने आजवर या विषयात काय केले ते लिहू, आणि काय केले नाही तेही त्याच लेखात लिहू. निवडून आल्यावर विधानसभेत त्याने प्रश्न विचारला तर तारखेसह नोंद होईल. नाही विचारला तर तीही होईल. याला कोणी साटेलोटे म्हणणार असेल तर त्या शब्दाची पूर्वपीठिका आम्ही वर दिलेलीच आहे.